लढाई लोकशाहीतच लढायची

"लढाई कराची असन तं पयले सरकार बदल, भाऊ. लोकशाहीत लढाई होत नसते." सिव्हिलायझेशन किंवा फ्रीसिव्ह खेळणाऱ्या पातूरच्या पोरांच्या तोंडून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता त्याला उत्तर देणं भाग आहे. ते खेळापुरतंच राहिलं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण त्याच दमात पुढचं वाक्य येतं: "आपल्या देशालेबी असाच एक माणूस पाह्यजे. पुसनं नाही, इचारनं नाही. हुकूम सुटला का फौज निघाली." दोन्ही वाक्यांचं मूळ एकच आहे. लोकांना विचारत बसलं की युद्ध हरतं, ही ती समजूत. देशाच्या बाबतीत ती घातक आहेच, पण ज्या खेळातून ती उचलली त्या खेळाच्या नियमांतही ती टिकत नाही. पोरांनी नियम अर्धेच वाचले आहेत.

खेळ माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. सिड मायर या अमेरिकन रचनाकाराचा 'सिव्हिलायझेशन' १९९१ साली आला. इसवीसनपूर्व ४००० पासून एका वसाहतीनं सुरुवात करायची, शहरं वाढवायची, शोध लावायचे, शेजाऱ्याशी तह करायचा नाहीतर युद्ध. बुद्धिबळासारखा एकेक टर्न घेत हा खेळ चालतो, त्यामुळे बोटांच्या चपळाईला इथे किंमत नाही, विचाराला आहे. १९९५ च्या अखेरीस डेन्मार्कमधल्या ऑर्हुस विद्यापीठाच्या तीन विद्यार्थ्यांनी त्याच धर्तीवर 'फ्रीसिव्ह' लिहायला घेतला. तो फुकट मिळतो आणि जुनाट कॉम्प्युटरवरही चालतो, म्हणून आमच्यासारख्या तालुक्याच्या गावातही तो रुळला. या खेळांत राज्यपद्धती आपण निवडतो: एकाधिकारशाही, राजेशाही, साम्यवाद, प्रजासत्ताक, लोकशाही. प्रत्येकीचं बरंवाईट नियमांत बांधलेलं असतं.

लोकशाहीविरुद्धचा खटला असा मांडला जातो. शहराबाहेर लढायला गेलेल्या प्रत्येक तुकडीमागे तिच्या शहरातले दोन नागरिक नाराज होतात. नाराजांची संख्या वाढली की शहरात दंगल होते, उत्पादन थांबतं, आणि दंगल लांबली तर सरकारच कोसळतं. दंगल दाबायला शहरात शिपाई उभे करावेत तर लोकशाहीत ती मुभा नाही. १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीत तर शत्रूनं तहाची याचना केली की सेनेट मध्ये पडून शस्त्रसंधी करून टाकतं, मग तुमची फौज त्याच्या राजधानीच्या वेशीवर का असेना. तेव्हा शांततेत लोकशाही ठेवा, व्यापार वाढवा, खजिना भरा, आणि तोफा काढायची वेळ आली की क्रांतीचं बटण दाबून हुकूमशाही आणा. लोकांचा उपयोग कर गोळा करण्यापुरता, लढाईच्या दिवशी त्यांनी तोंड मिटून घरात बसावं.

पहिलं उत्तर त्या नियमातच आहे. नाराजी कोणत्या तुकडीमुळे होते? शहराबाहेर पडलेल्या. तटाच्या आत उभं राहून शहर राखणाऱ्या शिपायामुळे एकही नागरिक कुरकुरत नाही. पुढच्या आवृत्त्यांनी हा भेद अधिकच ठळक केला. २००१ च्या तिसऱ्या आवृत्तीत शत्रूनं आपणहून युद्ध पुकारलं तर आपल्या लोकांचा उत्साह उलट वाढतो. २००५ च्या चौथ्या आवृत्तीत स्वतःच्या हद्दीत झालेल्या चकमकींनी युद्धाचा शीण चढत नाही, परक्या मुलखात शिरून लढलं की चढतो, आणि तुकड्या जितक्या गमावल्या तितका जास्त चढतो. हे नियम लिहिणाऱ्यांनी लोकशाहीला भित्री ठरवलेलं नाही. घरावर आलेल्याशी लोक लढतात, दुसऱ्याच्या घरात कशासाठी शिरलो ते विचारतात, आणि मेलेले मोजतात, एवढंच त्यांनी नोंदवलं. यातली कोणती गोष्ट चुकीची आहे? ज्या खेळाडूला या प्रश्नाचा त्रास होतो, त्याच्याकडे बहुधा त्याचं उत्तर नसतं.

आता एक टर्न जवळून बघू. टेकडीवरचं शहर, भोवती तट, आत दोन मस्केटधारी तुकड्या. शेजारचा हुकूमशहा चार तोफा घेऊन वेशीला भिडला आहे. त्याच्या राज्यात व्यापार मंद आहे आणि आलेल्या कराचा मोठा हिस्सा राजधानीपासून लांबच्या शहरांत भ्रष्टाचारात जिरतो. माझ्या लोकशाहीत ज्या जमिनीवर आधीच व्यापार आहे तिथे एक जादा मिळतो, आणि जुन्या दोन्ही आवृत्त्यांत भ्रष्टाचाराची गळती शून्य. खजिन्यात पैसा आहे. मी त्याच टर्नला तिसरी तुकडी विकत घेतो, पुढच्या टर्नला तोफ घेतो, त्याच्या पुढच्या टर्नला शेजारच्या शहरातून मदत निघते. तो हेर पाठवून पैसे चारतो आणि शहर फोडू बघतो, पण लोकशाहीतलं शहर पैशानं फुटत नाही, तसा नियमच आहे. हुकूमशहाची शहरं मात्र याच वाटेनं एकेक करून गळाला लागतात. हा डाव कोण जिंकतो, हे ज्यानं धीर धरून शेवटपर्यंत खेळला आहे त्याला ठाऊक आहे. युद्ध पैशानं लढलं जातं आणि पैसा विश्वासावर उभा राहतो. ज्या राज्यपद्धतीत तो विश्वास सर्वात जास्त, तीच ऐन युद्धात टाकून द्यायची, हा कुठला डावपेच?

युद्धाची नाराजी कमी करायला पहिल्या आवृत्तीत काय दिलं आहे, हेही या पोरांनी पाहावं. 'स्त्रियांचा मताधिकार' नावाचं एक आश्चर्य बांधता येतं. ते बांधलं की बाहेर गेलेल्या प्रत्येक तुकडीमागची नाराजी एकानं घटते. ज्यांना आजवर मत नव्हतं त्यांना मत दिलं की राज्य लढायला अधिक समर्थ होतं. लोकशाही कमी करण्याचा सल्ला देणाऱ्यांनी ही पाटी वाचलेलीच नसते. जी वाचलेली असते ती खोटी निघते. लोकशाही स्वीकारल्यावर आक्रमकतेचा आकडा उलटा फिरून खेळातला गांधी अणुबॉम्ब टाकत सुटतो, ही गोष्ट आमच्याकडे मोठ्या खात्रीनं सांगितली जाते. खुद्द सिड मायरनं २०२० च्या आत्मकथनात ती खोडून काढली आहे. तसा दोष त्या खेळात कधी नव्हताच.

"पण थोड्या दिवसांसाठी बदललं तर काय बिघडलं? जिंकलो की परत लोकशाही." हा सगळ्यात गोड वाटणारा मुद्दा आहे, म्हणून त्याला जास्त वेळ देतो. खेळात क्रांती केली की मध्ये अराजकाचे काही टर्न येतात, जातानाही आणि परतानाही. त्या काळात विज्ञान ठप्प, कर तुटपुंजा, आणि शत्रूला नेमकी तीच संधी हवी असते. तरी खेळात परतीचं बटण हमखास चालतं. देशात कोणी ते बटण दिलं आहे का? चीननं २० ऑक्टोबर १९६२ ला हल्ला केला, २६ ऑक्टोबरला आणीबाणी जाहीर झाली. लढाई महिनाभरात, २१ नोव्हेंबरच्या चिनी शस्त्रसंधीनं थांबली. आणीबाणी उठली १० जानेवारी १९६८ ला. महिन्याभराच्या लढाईसाठी घेतलेले अधिकार पाच वर्षांहून अधिक काळ सरकारच्या हातात राहिले, आणि ते सरकार निवडून आलेलं होतं, आणीबाणी आणताना पंतप्रधान नेहरू होते. तिथे ही गत, तर ज्याला कोणी निवडलंच नाही तो माणूस युद्ध संपल्यावर स्वतः होऊन खुर्ची खाली करेल, हे कशाच्या भरवशावर म्हणता?

बासष्टच्या पराभवाचं खापर लोकशाहीवर फोडणारे पुष्कळ आहेत. त्यांनी त्या नोव्हेंबरात काय घडलं ते आठवावं. विरोधकांच्या मागणीवरून संसदेचं अधिवेशन ठरल्यापेक्षा आधी, ८ नोव्हेंबरला सुरू झालं. शत्रू आसामच्या तोंडाशी असताना सरकारला भर सभागृहात जाब द्यावा लागला. त्याच्या आदल्याच दिवशी, युद्ध सुरू झालं तेव्हा संरक्षणमंत्री असलेल्या कृष्ण मेनन यांना मंत्रिमंडळ सोडावं लागलं होतं, आणि त्यांच्या स्वतःच्या पक्षानंच ते करायला लावलं. महाराष्ट्राचं मुख्यमंत्रिपद सोडून यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला, असं आपण अभिमानानं म्हणतो, पण सह्याद्रीला वाट करून दिली ती प्रश्न विचारणाऱ्या खासदारांनी, हे विसरतो. पराभवाच्या गर्तेत संरक्षणमंत्री बदलता येणं हे कमकुवतपणाचं लक्षण मानायचं का? त्यानंतर १९६४ ते ६९ ची पंचवार्षिक संरक्षण योजना आली: सव्वाआठ लाखांचं सैन्य, डोंगरी लढाईसाठी खास तुकड्या, विमानदलाच्या ४५ स्क्वाड्रन. हा खर्च संसदेनं मंजूर केला. त्याच काळात समोर पाकिस्तानात अयुब खान एकहाती राज्य करत होते. १९६५ साली काश्मीर घेण्याचा बेत त्यांनी मोजक्या लोकांत शिजवला. काश्मिरी जनता आपल्यासाठी उठेल, हा त्यातला अंदाज पार फसला, कारण तो चूक आहे असं तोंडावर सांगणारा कोणी जवळ नव्हता.

एकहाती सत्तेची महती ज्यांना वाटते त्यांना दूर जायचीही गरज नाही. आपल्याच अकोला जिल्ह्यात, तेल्हारा तालुक्यात, अडगाव आहे. २९ नोव्हेंबर १८०३ ला तिथे नागपूरकर भोसल्यांची फौज आणि इंग्रज सेनापती वेलस्लीची फौज समोरासमोर आली. भोसल्यांना कोणत्या सेनेटनं अडवलं होतं? शिंद्यांना कोणाला विचारायचं होतं? शिंद्यांच्या वकिलानं काही दिवस आधीच इंग्रजांशी तहकुबीचा करार केला होता, तरी त्यांचे घोडेस्वार भोसल्यांच्या शेजारी मैदानात उभे होते. होळकर तर आपला वेगळा विचार करून लांबच राहिले. तीन सत्ताधीश, प्रत्येकाचा हुकूम अंतिम, आणि तिघांना एका जागी बसवून हिशेब मागणारं कोणी नाही. अडगाव हरलं, १५ डिसेंबरला गाविलगड पडला, १७ डिसेंबरला देवगावच्या तहानं वर्धेच्या पश्चिमेचा बहुतेक वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेला. आमच्या मुलखाचं नशीब तीन आठवड्यांत फिरलं. झटपट हुकमानं आम्हाला तेव्हा वाचवलं नाही.

त्या वेळच्या इंग्लंडला मी लोकशाही म्हणणार नाही. तिथे मूठभरांनाच मत होतं, आणि ईस्ट इंडिया कंपनी ही तर लुटीवर चालणारी पेढी. पण हिशेब मागणारी एक जागा त्यांच्याकडे होती. वेलस्लीचा थोरला भाऊ गव्हर्नर जनरल होता आणि त्याच्या युद्धांचा खर्च कंपनीच्या संचालकांना झेपेना, म्हणून जिंकत असतानाच १८०५ साली त्याला परत बोलावलं गेलं. पुढच्या वर्षी तिथल्या संसदेत त्याच्यावर आरोप ठेवले गेले. आमच्या पोरांच्या हिशेबानं अशा देशानं हरायला हवं होतं. प्रत्यक्षात त्याच देशानं नेपोलियनशी वर्षानुवर्षं युद्ध चालवलं, कारण संसदेनं हमी दिलेल्या कर्जरोख्यांवर सावकारांचा भरवसा होता. सम्राटाला जे कर्ज स्वस्तात मिळत नव्हतं ते संसदेला मिळत होतं. सेनेटचा जाच म्हणतात तो हा, आणि खजिना भरणारा हातही हाच.

आता १९७१ कडे या. लोकशाही युद्ध कसं लढते याचा याहून चांगला धडा मला माहीत नाही. मार्चमध्ये पूर्व पाकिस्तानात कत्तल सुरू झाली. ३१ मार्चला आपल्या संसदेनं एकमुखानं बंगाली जनतेच्या बाजूचा ठराव केला. लगेच फौज घुसवा, अशी मागणी होती. सेनाप्रमुख माणेकशा यांनी सैन्य तयार नसल्याचं सांगितलं. पावसाळ्यात बंगालच्या नद्या फुगतात आणि हिमालयाच्या खिंडी बर्फानं बंद होईपर्यंत चीनची धास्ती राहते. पंतप्रधानांनी ते मानलं. हुकूमशहापुढे सेनापतीला असं नाही म्हणता येतं का? पुढचे आठ महिने तयारीत गेले. ९ ऑगस्टला सोव्हिएत संघाशी करार झाला. पंतप्रधान युरोप-अमेरिकेत जाऊन बाजू मांडून आल्या. एक कोटीच्या घरात निर्वासित आले, त्यांच्यासाठी टपालावर पाच पैशांचं जादा तिकीट लावायची सक्ती आली, आणि ते तिकीट देशभर गावोगावच्या लोकांनी पाकिटांवर चिकटवलं. युद्धाचं कारण पाच पैशांच्या रूपात ज्याच्या हाताखालून गेलं, तो नागरिक डिसेंबरात नाराज होईल कसा? ३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्ताननंच आपल्या विमानतळांवर हल्ला केला. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली, ९३ हजार युद्धकैदी आपल्या ताब्यात आले. दुसऱ्याच दिवशी भारतानं पश्चिम आघाडीवर आपणहून गोळीबार थांबवला.

खेळातला कसलेला खेळाडू लोकशाहीत नेमकं हेच करतो. आधी मित्र जोडतो, रस्ते आणि रेल्वे बांधतो, ऐषआरामाचा दर थोडा वाढवून शहरं शांत ठेवतो, पहिला वार शत्रूला करू देतो आणि मग थोड्या टर्नमध्ये हातोडा घालतो. लांबलेलं, उद्देश नसलेलं युद्ध लोकशाहीला पेलत नाही, हे खरं आहे. ते कोणाला पेलतं? पाकिस्तानच्या याह्या खान यांना विचारणारं कोणी नव्हतं, म्हणूनच त्यांनी आपल्याच देशाच्या बहुसंख्य जनतेवर रणगाडे घातले आणि अर्धा देश गमावला. अर्जेंटिनात गाल्तिएरीच्या लष्करशहांनी २ एप्रिल १९८२ ला फॉकलंड घेतलं, तेही स्वतःच्या देशातल्या असंतोषावरून लक्ष उडवायला. १४ जूनला ते हरले, आणि काही दिवसांतच गाल्तिएरी गेला. निवडणुकीला सामोरं जाणाऱ्या ब्रिटिश सरकारनं आठ हजार मैलांवर जाऊन ती लढाई जिंकली.

आणि कारगिल? १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयी सरकार एका मतानं पडलं होतं. मे महिन्यात घुसखोरी उघड झाली तेव्हा देशात काळजीवाहू सरकार होतं, लोकसभा विसर्जित, निवडणूक तोंडावर. राज्यसभेचं अधिवेशन घ्या, अशी विरोधकांची मागणी होती. ती सरकारनं मानली नाही, आणि मानायला हवी होती असं माझं मत आहे. पण छापखाने आणि दूरचित्रवाणी मोकळी होती. तिरंग्यात गुंडाळलेल्या शवपेट्या गावोगाव आल्या, प्रत्येकीवर नाव होतं, प्रत्येक गावानं रडून निरोप दिला. ५२७ जवान गेले, हे देशाला ठाऊक आहे. पलीकडे काय झालं? आपले सैनिक तिथे नाहीतच, असं पाकिस्तानचे सेनाधिकारी सांगत राहिले आणि बहुतेक मृतदेह घ्यायलाही त्यांनी नकार दिला. ते आपल्या जवानांनी धार्मिक विधी करून पुरले. खेळातला युद्धाचा शीण म्हणजे मेलेल्यांची मोजणी, आणि ती टाळण्याची सोय ज्या राज्यात आहे तिथे शिपायाचं प्रेतही बेवारस होतं. पोरांनो, ही सोय तुम्हाला हवी आहे का?

नियंत्रण रेषा ओलांडायची नाही, हा निर्बंध पाळून ती शिखरं परत घेतली गेली. हात बांधलेले असतानाही आपण जिंकलो, आणि ते बांधलेले होते म्हणूनच जग आपल्या बाजूनं उभं राहिलं. २९ जुलैला के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली, फेब्रुवारी २००० मध्ये तिचा अहवाल संसदेपुढे आला, हेरखात्याच्या चुका त्यात लिहिलेल्या आहेत. १३ ऑक्टोबर १९९९ ला, निवडणूक जिंकून, वाजपेयींनी शपथ घेतली. त्याच्या आदल्या दिवशी, १२ ऑक्टोबरला, कारगिलचा बेत आखणारे परवेझ मुशर्रफ बंड करून पाकिस्तानचे सत्ताधीश झाले. हरलेल्या सेनापतीची चौकशी कोण करणार होतं? तोच सरकार झाला होता.

तेव्हा माझं म्हणणं मी पुन्हा सांगतो, आणि त्यात तसूभरही मागे यायला तयार नाही. लोक प्रश्न विचारतात म्हणून लोकशाही युद्धात दुबळी ठरते, हे चूक आहे. ते विचारतात म्हणून ती नको ती युद्धं टाळते, आणि करावं लागतं ते युद्ध पूर्ण ताकदीनिशी लढते. पातूरच्या माझ्या तरुण मित्रांनी पुढचा डाव शेवटपर्यंत लोकशाहीत खेळावा. तह पाळा, शहरं तटबंद करा, खजिना राखा, क्रांतीच्या बटणाला हात लावू नका.

आणि देशाबद्दल बोलायचं असेल तर आपल्या लोकशाहीचं खरं उणं कुठे आहे ते बोला. बासष्टच्या पराभवाची चौकशी हेंडरसन ब्रूक्स आणि भगत या दोन अधिकाऱ्यांनी केली. तिचे निष्कर्ष चव्हाणांनी सप्टेंबर १९६३ मध्ये संसदेला थोडक्यात सांगितले, पण मूळ अहवाल एकाही सरकारनं आजवर खुला केलेला नाही. तिथे आपण प्रश्न विचारायचे थांबलो. हुकूम सोडणारा माणूस मागण्यापेक्षा तो अहवाल मागा. कोणाच्या निर्णयामुळे आपला माणूस त्या बर्फात पडला, हे त्या जवानांच्या नातवंडांना कळलंच पाहिजे.